शाळेचे कपडे

पंधरा जूनला शाळा उघडते. त्या दिवशी सकाळी आमच्या घरात मुलांची काही अडचण नसते. त्यांचे गणवेश आदल्या रात्रीच इस्त्री होऊन खुर्चीच्या पाठीवर पडलेले असतात. अडचण असते ती आमची. कपाटाचं दार उघडायचं, आतून दोन दुपट्टे पायावर पडायचे, आणि घड्याळाकडे बघत बघत जे हाताला लागेल ते अंगावर चढवायचं. (घरी बोलताना तोंडात 'हम' बसलेलं आहे, मराठी लिहायला घेतलं की त्याचं 'आम्ही' होतं. त्यात कुणी ऐट शोधू नये.)

2024च्या जूनमध्ये हाताला लागला तो नणंदेच्या वलीम्याचा जांभळा जोडा. बाह्यांना जाळी, गळ्याला टिकल्या. रोजच्या धुण्यातले कपडे वाळलेच नव्हते. दिवसभर नववीच्या वर्गात त्या टिकल्या मानेला टोचत होत्या आणि मुली फळ्याकडे कमी, गळ्याकडे जास्त बघत होत्या. संध्याकाळी आल्यावर कपाट पलंगावर रिकामं केलं. एकोणीस जोडे निघाले. सासूअम्मी दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "इत्ते कपडे हैं, फिर भी बहू कू पहनने कू कुछ नइ!"

त्यांचं खोटं नव्हतं. त्या एकोणीस जोड्यांत आम्ही स्वतः, शाळेसाठी म्हणून, विचार करून घेतलेला एकही नव्हता. आपल्याकडे बाईचे कपडे येतात कसे? शादीत आहेर म्हणून ड्रेस पीस, ईदला माहेरून एक, सासरहून एक, कुणाच्या अकीक्याला गेलो तर परत येताना आणखी एक. ज्याचं त्याचं प्रेम असतं, पण देणाऱ्याच्या मनात आपण सजूनधजून बसलेल्या असतो. फळा पुसणारी, एसटीच्या पायरीवर एक पाय ठेवून दुसऱ्या हाताने डबा सांभाळणारी बाई त्यांच्या डोळ्यांसमोर नसते. न शिवलेले सहा पीस तर खालच्या कप्प्यात तसेच होते. कुणी तरी ते आम्हाला दिले होते, आम्हीही ते पुढे कुणाला तरी देणार होतो.

त्याच वर्षी 15 मार्चला शिक्षकांच्या पेहरावाबद्दल सरकारचा निर्णय निघाला होता. बाईंनी साडी किंवा सलवार, चुडीदार, कुर्ता, दुपट्टा. सरांनी शर्ट-पँट, शर्ट आत खोचलेला. जीन्स, टी-शर्ट नको, गडद रंग नको, चित्रविचित्र नक्षी नको. स्टाफरूममध्ये तो कागद मोठ्याने वाचला गेला. सर मंडळींची थट्टामस्करी झाली. मग त्यांच्यातले एक आमच्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, तुमचं बरंय. वरून बुरखा. आत काय का असेना."

ते वाईट मनाने बोलले नव्हते. पण ते वाक्य आमच्या डोक्यातून गेलं नाही, कारण बाहेरच्यांचं सोडा, आपल्या घरातही हेच समजतात. बुरखा आहे ना, मग कपड्यांचा विचार कशाला? वास्तविक आमच्या शाळेत आम्ही चौघी बाया. एक दिवसभर अबाया घालून शिकवते, एक साडी नेसते आणि पदर डोक्यावर घेते, एक फक्त दुपट्टा घेते, आणि आम्ही बसमध्ये बुरखा घालतो, तो स्टाफरूमच्या दारामागच्या खिळ्याला अडकवून वर्गात जातो. पुढचे सहा तास आम्ही जे असतो ते त्या आतल्या कपड्यांतच असतो. आणि हो, सरकारच्या कागदात ज्या पेहरावांची नावं होती त्यांत बुरखा नव्हता. आमच्या चौघींचे चार प्रकार त्यात कुठे बसतात, हे आम्हाला कुणी विचारलं नाही आणि आम्हीही कुणाला विचारायला गेलो नाही.

त्या रात्री कपडे परत कपाटात भरताना अम्मीच्या दोन साड्या आठवल्या. संगमनेरला आमचं माहेर. अम्मी विड्या वळायच्या. मांडीवर सूप, सुपात टेंभुर्णीची कापलेली पानं आणि तंबाखू. एक साडी विड्यांची, तिला धुतली तरी तंबाखूचा वास. दुसरी साडी चांगली, ती शाळेत पालकसभेला यायची तेव्हाची. दुसऱ्या साडीलाही थोडा वास असायचाच, कारण दोन्ही एकाच ट्रंकेत. म्हणून सभेत अम्मी मागे, खिडकीपाशी बसायच्या. आम्हाला तेव्हा त्याची लाज वाटायची, ही गोष्ट आज लिहितानाही जड जाते. पण कामाची साडी कशी असावी हे अम्मींना पक्कं ठाऊक होतं. सुती, मळखाऊ रंगाची, पदर खोचला की सुटणार नाही अशी.

आमचा धाकटा जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत. त्याला वर्षाला दोन गणवेश मिळतात. 2024 मध्ये राज्यभर एकच गणवेश आणि तो बचत गटांकडून शिवून घ्यायचा असं ठरलं, गणवेश यायला उशीर झाला, आणि पुढच्या वर्षासाठी काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेलं. तोवर पोरगं आदल्या वर्षीच्या दोन जोडांवर निभावलं. एक अंगावर, एक दोरीवर. त्याच्या अम्मीला मात्र एकोणीस पुरत नव्हते.

मग आम्ही हिशेब मांडला. पैसे कुठून आणायचे याची सोय आधीच झाली होती. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. नगरहून राहुरीच्या बाजूला आमचं रोजचं जाणं-येणं. (2024 मध्ये अहिल्यानगर झालं, पाट्याही बदलल्या, पण कंडक्टरसुद्धा अजून 'नगर, नगर' असंच ओरडतो.) वाचलेलं भाडं आम्ही डब्यात टाकत गेलो होतो. शिक्षण सेवक म्हणून लागलो तेव्हा महिना 8,000 रुपये मानधनावर तीन वर्षं काढली, तेव्हा हा डबा असता तर काय बहार झाली असती! असो. तो डबा घेऊन एका रविवारी कापड बाजारात गेलो.

ठरवलं ते इतकंच: पाच कुर्ते, तीन सलवारी, दोन दुपट्टे. कोणताही कुर्ता कोणत्याही सलवारीवर चालला पाहिजे आणि दोन्हींपैकी कोणताही दुपट्टा सगळ्यांवर. अंधारात हात घातला तरी चूक होऊ नये. कुर्ते सगळे फिक्या रंगाचे: पिस्ता, राखाडी, बिस्किटी, आकाशी आणि एक अगदी हलका गुलाबी. यात सरकारचा आदेश पाळल्याचं पुण्य अनायासे मिळालं, पण खरं कारण खडू. गडद कापडावर खडूची बोटं दिवसभर दिसत राहतात. सलवारी मात्र गडद, काळी, नेव्ही ब्ल्यू आणि मेहरून, कारण नगर-मनमाड रस्त्याची धूळ आणि पावसाळ्यातला काळा चिखल खालीच लागतो. दुपट्टे सुती. एक मोतिया, एक त्याच रंगाचा पण मेहरून काठाचा.

दुकानदार थानावर थान टाकत होता. जॉर्जेट, क्रेप, "ताई, हे बघा, इस्त्रीच लागत नाही." इस्त्री लागत नाही हे खरं, पण उन्हाळ्यात पत्र्याच्या वर्गात ते अंगाला चिकटतं. निव्वळ सुती घ्यावं तर पावसाळ्यात दोन दिवस वाळत नाही. शेवटी सुती जास्त आणि थोडा दुसरा धागा असलेलं कापड घेतलं, रात्री धुतलं तर सकाळी घालता येईल असं. कुर्त्याला अडीच मीटर, पाच कुर्त्यांचं साडेबारा मीटर. कापड उजेडात धरून मागे हात घालून बघितलं. हात दिसला तर ते कापड नको, कारण मधल्या सुट्टीत त्याच कपड्यांवर जोहरची नमाज पढायची असते. घरी आणून सगळं रात्रभर पाण्यात भिजत टाकलं. आधी शिवून मग आटलेल्या कपड्यांचा अनुभव पुरेसा होता. मेहरून कापडाने बादली लाल केली, ते तीनदा मिठाच्या पाण्यातून काढावं लागलं.

मोहल्ल्यातल्या मास्टरजींकडे खरी लढाई झाली. आजकाल बाही शिवतात ती मनगटापर्यंत घट्ट. ती कोपराच्या वर जात नाही. म्हणजे वजू करताना एक तर बाही भिजवा, नाही तर अंगातून काढा. आम्ही म्हणालो, बाही सैल पाहिजे, कफ आणि बटण पाहिजे. मास्टरजींनी मान हलवली. पुढचा गळा बटणांचा पाहिजे. मोठीच्या वेळी आमचा एकही जोडा पाजण्याच्या कामाचा नव्हता, मागून चेन असलेल्या कपड्यांत आम्ही संस्थेच्या रेकॉर्डरूममध्ये रडत बसलेलो आहोत. आता घरात कुणी पिणारं नाही, तरी बटणं पाहिजेत, कुणाला तरी हा कुर्ता पुढे उपयोगी पडेल. बाजूचा काप थोडा वर पाहिजे, एसटीची पहिली पायरी उंच असते. इथवर सगळं ठीक होतं. मग आम्ही म्हणालो, उजव्या बाजूला खिसा.

"जेब? बाजी, ये मर्दाना कुर्ता है क्या?"

"मास्टरजी, खडू किधर रखूँ? चाबी किधर रखूँ?"

"पर्स है ना."

वर्गात पर्स घेऊन कोण फिरतं? मुलांच्या अब्बांच्या प्रत्येक शर्टाला खिसा, पँटला चार खिसे, आणि घराची चावी मात्र आमच्याकडे. पाचपैकी तीन कुर्त्यांना मास्टरजींनी खिसा लावला, दोनदा विसरले. ते दोन कुर्ते परत नेले, तेव्हा म्हणाले, आणखी दोन टीचर बाजी खिसा मागून गेल्या. आमच्याच शाळेतल्या होत्या.

सगळं गोड झालं असं नाही. पिस्ता रंग चार महिन्यांत उडाला. मोतिया दुपट्ट्यावर शाईचा डाग पडला तो गेला नाही, आता तो आतल्या बाजूला येईल अशी घडी घालतो. रविवारी रात्री पाच कुर्ते इस्त्री करून खुंट्यांवर लावायचे हा नियम, पण धाकट्याला ताप आला की नियम कुठला? आणि मुली हुशार. दिवाळीच्या सुट्टीआधीच त्यांनी कुर्ते पाठ केले. "मॅडम, आज राखाडी म्हणजे मंगळवार, आज पीटी आहे." सासूअम्मींना तर हे मुळीच पटलं नाही. शेजारणी म्हणतील, बहू कमावते आणि रोज तेच घालते. एकोणीसपैकी अकरा जोडे आम्ही वाटून टाकले, तेव्हा त्या दोन दिवस नीट बोलल्या नाहीत. सकाळची वीस मिनिटं मात्र वाचली. त्यात आम्ही बसून चहा पितो. पूर्वी ओट्यापाशी उभ्याने प्यायचो.

आता ज्या गोष्टीवर कुर्त्यांचा इलाज चालला नाही, तीही सांगायला हवी. दहावीच्या परीक्षेत पर्यवेक्षणाची ड्युटी लागते. तशी एकदा दुसऱ्या एका शाळेत लागली. सकाळी फाटकापाशी पोचलो. बुरखा अंगावर, कारण बसमधून थेट उतरलो होतो. फाटकावरचा माणूस म्हणाला, "बाई, पालकांनी बाहेर थांबायचं." आमच्या पुढून एक शिक्षिका साडीत आत गेली, तिला त्याने सलाम ठोकला. आत आकाशी कुर्ता होता, कडक इस्त्रीचा. तो त्याला कसा दिसणार? पर्समधून ओळखपत्र काढून दाखवलं. त्याने ते वाचलं, मग चेहऱ्याकडे बघितलं, मग पुन्हा वाचलं, आणि बाजूला झाला. माफी वगैरे काही नाही. त्याच्या हिशेबात बुरख्यातली बाई कुणाची तरी अम्मीच असते. आम्ही आहोतच की अम्मी, पण त्या दिवशी अकरा वाजता आम्ही पर्यवेक्षक होतो.

शाळेत ही गोष्ट सांगितली तेव्हा आम्हा चौघींत वाद झाला. एक म्हणाली, फाटकाच्या आधीच काढून पिशवीत ठेवत जा. दुसरी म्हणाली, का म्हणून? त्याने माणसं ओळखायला शिकावं. साडी नेसणारी गप्प होती, मग म्हणाली, "मला आत सोडतात. नाव विचारतात आणि मग परत वरपासून खालपर्यंत बघतात." त्यावर कुणाला काही सुचलं नाही. आम्ही तेव्हापासून ओळखपत्राची फीत घरातूनच बुरख्यावर घालतो. मुलांचे अब्बा म्हणाले, बसमध्ये कशाला? आम्ही म्हणालो, राहू दे. हे बरोबर की चूक, आमचं अजून ठरलेलं नाही. कधी वाटतं, हा मान आहे. कधी वाटतं, पुरावा गळ्यात बांधून फिरतोय.

2025च्या जानेवारीच्या तीन तारखेला वर्गात सावित्रीबाईंबद्दल बोलत होतो. नगरच्या मुलींना आम्ही एक गोष्ट मुद्दाम सांगतो, की सावित्रीबाईंचं शिक्षिकेचं प्रशिक्षण नगरला, मिस फरार यांच्या शाळेत झालं. 1856च्या पत्रात त्यांनी फातिमाचा उल्लेख केला आहे, हेही सांगतो. मग शेणाची गोष्ट आलीच. शाळेत जाताना लोक शेण-चिखल फेकत, म्हणून त्या सोबत दुसरं लुगडं ठेवत असं सांगतात. मागच्या बाकावरच्या मुलीने हात वर केला.

"मॅडम, दुसरं लुगडं कुठं ठेवायच्या?"

"पिशवीत असेल."

"मग खराब झालेलं घरी कसं न्यायच्या? पिशवीतलं सगळं घाण होईल ना."

दुसरी म्हणाली, शाळेतच धुऊन वाळत घालत असतील. तिसरी म्हणाली, पावसाळ्यात वाळणार नाही. चौथी म्हणाली, फातिमांच्या घरी ठेवत असतील. त्यावरून वर्गात जो गलका झाला तो तासाची घंटा होईपर्यंत चालला. आम्ही खिशातला खडू काढून फळ्यावर गृहपाठ लिहिला. शुक्रवार होता. कुर्ता गुलाबी.