विजेच्या गाडीतला खर्ज

विजेवर चालणाऱ्या मोटारीत इंजिन नसते, म्हणून गाणे ऐकायला तिच्यासारखी जागा नाही, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात इंजिनाची घरघर हे एक पांघरूण असते. ते ओढून काढले की खालचे टायरचे, वाऱ्याचे आणि सस्पेन्शनचे आवाज उघडे पडतात. त्यांतला टायरचा आवाज सर्वांत चिवट. बॅटरीमुळे मोठी विजेची गाडी दोन टनांच्या पुढे जाते, तिला रुंद टायर लागतात आणि टायरच्या पोकळीतली हवा २०० हर्ट्झच्या आसपास घुमते. काही टायरांच्या आत फोमचा पट्टा चिकटवलेला असतो तो याच घुमण्यावर उतारा म्हणून. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गासारख्या काँक्रीटच्या रस्त्यावर ताशी १०० किलोमीटरला या गोंगाटाचा जोर २०० हर्ट्झच्या वर आणि खालीही पसरतो. गाण्याच्या दृष्टीने हीच जागा नाजूक. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा असतो आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ हर्ट्झच्या जवळ.

प्रस्तुत लेखकाची गाडी याच वर्गातली होती. महाग, विजेची, दाराच्या जाळीवर ध्वनिक्षेत्रातल्या नामांकित कंपनीची पाटी आणि माहितीपत्रकात डझनाहून अधिक स्पीकर. गाडी पुण्यात घरी आली आणि पहिल्याच आठवड्यात लक्षात आले, की तंबोरा ऐकू येतो पण त्याचा खर्ज येत नाही. आवाज बेताचा ठेवला तर डग्गा फुगलेला वाटे. वाढवत नेला तर एका ठिकाणी तो एकदम रोडावे आणि वरचे स्वर कानाला टोचू लागत. वितरकाने गाडी दिवसभर ठेवून घेतली आणि यंत्रणा कंपनीच्या मानकाप्रमाणे चालत असल्याचे लेखी दिले. त्यात खोटे काही नव्हते. यंत्रणा नादुरुस्त नव्हती, तिची घडणच तशी होती.

मोटारीच्या आकाराला बेतून कारखान्यातच ध्वनियंत्रणा बसवण्याची कल्पना तशी अलीकडची. गॅल्विन बंधूंनी १९३० साली अमेरिकेत ‘मोटोरोला’ नावाने मोटारीचा रेडिओ विकायला काढला, तेव्हा तो वेगळा विकत घेऊन बसवून घ्यायचा होता. १९८३ च्या मॉडेलांत जनरल मोटर्सने अमर बोस यांच्या कंपनीबरोबर गाडीनुसार तयार केलेली यंत्रणा दिली आणि पुढे हा प्रकार महागड्या गाड्यांचे अंगच झाला. मात्र यंत्रणेचा आराखडा करणाऱ्याला वजन, किंमत आणि वॉरंटी या तिघांची मर्जी सांभाळावी लागते. स्पीकर हलके हवेत, म्हणून चुंबक लहान आणि सांगाडा प्लास्टिकचा. लहान स्पीकर जळू नये म्हणून ॲम्प्लिफायरमधला प्रोसेसर आवाज वाढेल तसा खर्ज कापत जातो. लेखकाच्या गाडीत डग्गा रोडावत होता तो या राखणीमुळे. शिवाय ऐकणाऱ्याला खर्ज असल्याचा भास व्हावा म्हणून १०० हर्ट्झच्या आसपासचा भाग मुद्दाम उचललेला असतो. फुगलेपण तिथून येते.

जुन्या गाडीत अशा वेळी सरळ टेप बदलत. आता ते शक्य नाही. मधला पडदा हाच एसीचा खटका, चार्जिंगचा हिशेब आणि मागचा कॅमेरा असतो. पडद्यापासून ॲम्प्लिफायरपर्यंतचा आवाजही साध्या तारेतून जात नाही. काही गाड्यांत तो प्रकाशतंतूतून, काहींत पिळाच्या दोन तारांतून अंकरूपाने जातो आणि त्याची भाषा त्या गाडीपुरतीच असते. म्हणून बहुतेक कामांत कारखान्याचा ॲम्प्लिफायर जागेवर ठेवून त्यातून स्पीकरकडे जाणारा आवाज पकडतात, तो नव्या प्रोसेसरमध्ये नेतात आणि तिथून पुढे सगळे नवे बसवतात. यात एक मेख आहे. पकडलेल्या आवाजावर आधीच्या प्रोसेसरचे संस्कार झालेले असतात. कुठे उचल, कुठे काप, कुठे एका बाजूला मुद्दाम दिलेला उशीर. ते सगळे मोजून आधी उलटवावे लागते, नाहीतर नवी महागडी यंत्रणा जुन्याच चुका अधिक स्वच्छ वाजवते.

लेखकाने पहिला प्रयत्न मात्र घाईचा केला. ओळखीच्या दुकानदाराच्या सल्ल्याने फक्त पुढच्या दारांतले स्पीकर बदलले. नवे स्पीकर दिसायला भारदस्त, वजनाला दुप्पट, आणि वाजायला आधीपेक्षा हळू. कारण शाळेच्या पुस्तकातले आहे. कारखान्याचे स्पीकर २ ओहमचे होते आणि नवे ४ ओहमचे. दाब तोच आणि रोध दुप्पट म्हणजे मिळणारी शक्ती निम्मी, डेसिबलच्या भाषेत ३ कमी. त्यात नव्या स्पीकरचा जड पडदा हलवायला जास्त जोर लागतो. दोन आठवड्यांनी ते स्पीकर निघाले आणि काम पुन्हा पहिल्यापासून, या वेळी दारापासून सुरू झाले.

मोटारीचे दार ही स्पीकरची पेटी असते, आणि पेटी म्हणून ते अगदीच वाईट. बाहेरचा पत्रा मिलिमीटरभरही जाड नसतो. आतल्या पत्र्याला काचेच्या यंत्रासाठी आणि हातासाठी मोठी भोके असतात. स्पीकरच्या पुढून निघालेली लहर आणि मागून निघालेली लहर एकमेकींच्या उलट असतात. या भोकांमधून त्या भेटल्या की खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणजे खर्ज तयार होत होता, तो दारातच संपत होता. उपाय साधा पण कष्टाचा. डोअर पॅड काढून बाहेरच्या पत्र्यावर आतून ब्युटाइल रबराचे ॲल्युमिनियम लावलेले तुकडे रूळ फिरवून चिकटवायचे. सगळा पत्रा मढवावा लागत नाही. मधल्या भागावर पाव हिश्शाएवढे आवरण पडले तरी कंपन बरेचसे मरते, त्यापुढे फक्त वजन वाढते. आतल्या पत्र्याची भोके मात्र पूर्ण बंद करायची. टिचकी मारल्यावर रिकाम्या डब्यासारखा वाजणारा पत्रा मग जाड पुस्तकासारखा बद्द वाजतो. आपल्याकडच्या पावसात एक पथ्य कडक पाळावे लागते. दाराच्या तळाशी असलेली पाणी निचऱ्याची भोके झाकायची नाहीत. काचेच्या फटीतून आत आलेले पाणी तिथूनच जाते. तो मार्ग बुजला तर दाराचा हौद होतो आणि पत्रा आतून सडतो. लेखकाच्या गाडीत फिटरने एका दारात हीच चूक केली होती. ती बादलीभर पाणी ओतून पाहिल्यावर कळली.

चार दारे आणि मागची चाकांवरची कमान एवढ्या कामाला दोन दिवस गेले. त्या रात्री कारखान्याचेच जुने स्पीकर तात्पुरते लावून ऐकले, तेव्हा एकूण सुधारणेचा मोठा वाटा पदरात पडलेला होता. लेखकाचे मत तेव्हापासून पक्के आहे. ज्याला थोडेच पैसे घालायचे आहेत त्याने ते पत्र्यात घालावेत, स्पीकरात नाही.

पुढचा भाग तुलनेने सोपा. पुढच्या दारांत साडेसहा इंची कंपोनंट स्पीकर, वर खांबात ट्वीटर, मागचे स्पीकर कारखान्याचेच ठेवले, कारण मागे बसणारे बहुधा झोपलेले असतात. या गाडीत स्टेपनी नव्हती. डिकीच्या फळीखालच्या रिकाम्या खोबणीत दहा इंची सबवूफरची बंद पेटी बसली. बंद काचांची लहान जागा सर्वांत खालच्या स्वरांना आपणहून उचल देते, त्यामुळे घरच्यासारखे धिप्पाड वूफर लागत नाही. ॲम्प्लिफायर डी वर्गाचा घेतला. तो घेतलेल्या विजेचा बहुतांश भाग स्पीकरला देतो आणि फारसा तापत नाही.

विजेच्या बाबतीत दोन जगे वेगळी ठेवावी लागतात. गाडी ओढणारी बॅटरी सुमारे ४०० किंवा ८०० व्होल्टची असते. तिच्या तारा नारिंगी असतात आणि त्यांना साउंडवाल्याने बोट लावायचे नाही, मग तो कितीही जुना जाणता असो. दिवे, कुलपे आणि ध्वनियंत्रणा १२ व्होल्टच्या लहान बॅटरीवर चालतात आणि गाडी जागी असताना मोठी बॅटरी एका परिवर्तकातून तिला भरत राहते. नवी जाड तार या लहान बॅटरीपासून काढली, तिला बॅटरीपासून हातभराच्या आत फ्यूज बसवला, आणि सगळ्या नव्या यंत्रांची अर्थिंग बॉडीवर एकाच जागी घेतली. सुरुवातीला ती दोन ठिकाणी घेतली होती, तेव्हा पेडल दाबले की ट्वीटरमधून बारीक शीळ येई. मोटर चालवणाऱ्या इन्व्हर्टरची ही खोड. अनेक विजेच्या गाड्यांतून मध्यम लहरींचा रेडिओ गायब झाला त्यामागेही तीच आहे. आकाशवाणी पुण्याच्या ७९२ किलोहर्ट्झच्या जागी तिथे खरखरच ऐकू आली असती.

नंतर आले ट्यूनिंग, आणि खरा फरक इथे पडला. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. लेखकाच्या कानापासून उजवा स्पीकर ९२ सेंटिमीटरवर होता आणि डावा १४० वर. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे डाव्याचा सूर १.४ मिलिसेकंद उशिरा पोचतो. कानाला तेवढे पुरते आणि सगळे गाणे उजव्या गुडघ्यापाशी गोळा होते. प्रोसेसरमध्ये उजव्याला तेवढाच उशीर दिला की ते उठून काचेसमोर जाते. हे तपासायला जुन्या मोनो ध्वनिमुद्रणासारखे साधन नाही. १९५५ साली आकाशवाणी पुण्यावरून सुरू झालेले गीतरामायण श्रोत्यांनी मोनोच ऐकले, आणि त्या काळची भावगीतेही मोनोच आहेत. मोनोमध्ये दोन्ही बाजूंना तोच आवाज असतो, म्हणून गायक डॅशबोर्डच्या बरोबर मध्ये उभा राहिला पाहिजे. तो जरा डावीकडे सरकला तरी हिशेब चुकला असे समजावे.

मग डोके टेकते तिथे मायक्रोफोन वेगवेगळ्या सहा जागी धरून, एकसारखा ‘श्श्श’ असा चाचणीचा आवाज वाजवून आलेख काढले. आलेखातले उंचवटे कापायचे. खड्डे मात्र भरायला जायचे नाही, कारण पुष्कळदा ते काचेवरून परतलेल्या लहरीने पाडलेले असतात आणि तिथे कितीही शक्ती ओतली तरी ती वाया जाते. खालचे स्वर सपाट रेषेपेक्षा चांगले सहा-आठ डेसिबल वर ठेवले. दिवाणखान्यात ते जास्त वाटले असते. धावत्या गाडीत रस्ता तेवढे गिळतोच. तीन संध्याकाळी यात गेल्या. चौथ्या संध्याकाळी तळेगावच्या पुढे खर्जाची तार पहिल्यांदा स्वच्छ ऐकू आली.

अडचणी त्यानंतर आल्या. ताशी ६० च्या आसपास गाडीत ‘हूं’ असा घुमारा सुरू होई आणि वाढत जाई. या गाडीत छतातले मायक्रोफोन रस्त्याचा गोंगाट टिपतात आणि दारातले स्पीकर त्याच्या उलट लहर सोडून तो मारतात. नव्या प्रोसेसरने त्या लहरीला उशीर लावल्यामुळे मारण्याऐवजी ती गोंगाटात भर घालू लागली होती. मायक्रोफोनचे कपलर काढले आणि घुमारा थांबला. कारखान्याची ती सोय मात्र गेली. दुसरी अडचण हसण्यासारखी. इंडिकेटरची टिकटिक, पट्ट्याची सूचना, मागे घेतानाचे बीप, हे सगळे स्पीकरमधूनच येते. नव्या ॲम्प्लिफायरवर पार्किंगचा बीप असा कडाडला, की हातातला चहा सांडला. इशारे बंद करणे धोक्याचे, म्हणून ती वाट स्वतंत्र करून तिचा आवाज उतरवला.

तिसरी अडचण हसण्यासारखी नव्हती. दोन दिवस उभी राहिलेली गाडी तिसऱ्या सकाळी उघडेना. मोठी बॅटरी ७० टक्के भरलेली, आणि दार उघडायला वीज नाही. विजेच्या गाडीला चावीचा खटका नसल्यामुळे नवा ॲम्प्लिफायर आवाजाची चाहूल लागली की जागा होईल असा जोडला होता. गाडी मोबाइलशी बोलायला अधूनमधून जागी होई, तेव्हा तोही उठे आणि पुन्हा झोपत नसे. सतत एक अँपिअर म्हटले तरी दोन दिवसांत ४८ अँपिअर-तास, म्हणजे लहान बॅटरी रिकामी. आता त्याला गाडी खरोखर चालू झाल्यावरच वीज मिळणाऱ्या एका फ्यूजवरून संकेत दिला आहे, आणि काम संपल्यावर गाडी झोपवून करंट मोजून घेतला आहे. हे मोजमाप मागितले नाही तर फिटर करत नाहीत.

गाडीच्या पल्ल्यावर परिणाम नगण्य आहे. सरासरी १०० वॉट धरले तर पाच तासांत अर्धे युनिट जाते, म्हणजे जेमतेम तीन किलोमीटर. वॉरंटीसाठी एकही मूळ तार कापलेली नाही, सगळे जोड दोन्ही बाजूंनी जुळणाऱ्या तयार कपलरवर आहेत. जुने स्पीकर, छतातले दोन मायक्रोफोन आणि डोअर पॅडच्या उरलेल्या क्लिपांची पिशवी माळ्यावर एका खोक्यात ठेवली आहे, कारण गाडी विकताना नव्या मालकाला हे सगळे पूर्ववत करून हवे असण्याची शक्यता जास्त.