बोटभर मातीचं छत

गच्चीवर बाग हवी म्हणून कोणी आलं की मी आधी इमारतीचे स्ट्रक्चरल नकाशे मागते. रोपांचं नंतर. माणसांची ये-जा असलेल्या गच्चीचा स्लॅब साधारणपणे दर चौरस मीटरला १५० किलो जादा भार धरून केलेला असतो. पावसात भिजलेली काळी माती नुसती १० सेंटीमीटर पसरली तरी वजन त्यापुढे जातं. म्हणून कोथरूडच्या जुन्या सोसायटीतल्या काकांनी आंबा लावायचं म्हटलं, तेव्हा मी सरळ नाही म्हणाले. झाडं, हिरवळ, बाकं अशी जाड मातीची बाग नव्या इमारतीच्या पोडियमवर शोभते. तिथे खांब-तुळया त्याच हिशोबाने घेतात.

इथे पातळ थरच झेपणार होता. त्यासाठीही स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारून गच्चीवरचा विटांचा भेगाळलेला कोबा काढला, म्हणजे स्लॅबवरचं बरंचसं ओझं उतरलं. ढाळ नीट केला, कठड्याशी वाटा मारला, नवं वॉटरप्रूफिंग केलं आणि गच्ची पाण्याने भरून ठेवली. खालच्या घरांत ओल आली नाही, तेव्हाच पुढचं काम. मुळं आत घुसू नयेत म्हणून जाड प्लास्टिकचा थर, त्यावर निचऱ्याचे ट्रे, जिओटेक्स्टाइल, आणि वर विटांचा चुरा, कोकोपीट, थोडं शेणखत. कठड्याच्या कडेने आणि पाइपांच्या तोंडाशी फक्त खडी. गाळ तिथे लगेच दिसतो, आणि दिवाळीचं रॉकेट पडलंच तर आग पसरत नाही.

युरोपात असल्या छतांवर सेडम लावतात. आपल्या उन्हाळ्यात मला त्याचा भरवसा वाटत नाही. माझ्या डोळ्यांसमोर कासचं पठार होतं: कातळावर जेमतेम माती, पावसात गेंद, तेरडा, सीतेची आसवं, नंतर सगळं वाळून जातं. तिथलं रोप उचलायचं नाही, रीत घ्यायची. झुरिकमध्ये १९१४ साली जलशुद्धीकरण केंद्राच्या छतांवर तिथल्याच कुरणाची माती घातली. तिच्यात ऑर्किड रुजली, टिकली. आम्ही तेरड्याचं बी, चिनी गुलाबाच्या काड्या आणि रानगवत लावलं.

मार्चमध्ये सेक्रेटरींचा फोन आला: सगळं वाळलंय, उपटून टाकू का? टँकरच्या पाण्यावर मे महिन्यात छत हिरवं राखणं मला पटत नाही. म्हटलं, काड राहू द्या, मातीवर सावली धरतं आणि बी त्याच्याखालीच पडलंय. जूनच्या आधी पाइपांची तोंडं तेवढी साफ करून घ्या.