दादांच्या मिशा

चिपळुणांत आमच्या घरीं थोरल्या दादांपुढें मोठ्यानें हंसण्याची कोणाची छाती नव्हती. त्याच दादांचें छायाचित्र दारेसलामच्या शाळेंत मुलांपुढें धरून आम्हीं इंग्रजी नात्यांचा पाठ आरंभिला, "धिस इज माय दादा." वर्ग हंसून लोटपोट! एका चिमुरड्यानें विचारलें, "मास्तर, आपल्या बहिणीला मिशा कशा?" त्या मुलांच्या स्वाहिलींत दादा म्हणजे बहीण आणि काका म्हणजे भाऊ, हें आमच्या ध्यानींमनींही नव्हतें. भीतभीतच आम्हीं ही हकीकत दादांस कळविली. उत्तराखालीं सही होती, 'तुझी मिशाळ बहीण'.

२२ जुलै २०२१ च्या महापुरांत वाशिष्ठीचें पाणी आमच्या माजघरांत शिरलें. दादा त्यापूर्वींच गेले होते. पत्रांची पेटी चिखलांतून काढली, कागद एकेक करून दोरीवर वाळत घातले. शाई सगळीकडे फुटली होती. ती सही मात्र लागत होती.