डिझेलमधलं पाणी

जुन्या डिझेल जीपचा फिल्टर चोंदलाय हे सपाट रस्त्यावर कळत नाही. दारात उभी असताना इंजिन नीट धडधडतं, बाजारात जाऊन यायला अडचण नसते. कळतं ते घाटात, गाडीत सात माणसं असताना. साखरप्याहून आंबा घाट चढायला लागलं की तिसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर तळाला टेकतो आणि गाडी मात्र दम सोडते. गिअर उतरवला की रडतखडत चढतेही. तिथंच फसगत होते. बंद पडली असती तर कुणीतरी बॉनेट उघडलं असतं. चढली म्हणून लोक म्हणतात, "वय झालं गाडीचं," आणि विषय संपतो.

आमची महिंद्रा फोर व्हील ड्राइव्ह अब्बांनी 1998 मध्ये सेकंडहँड घेतली. आता वाडीत घरोघर दुचाकी आहेत, दोन-तीन मोटारीही आल्या. पण पावसाळ्यात लाल चिखलाच्या चढावरून रात्री कुणाला न्यायचं झालं की दार आमचंच वाजतं. बाळंतिणी झाल्या, साप चावलेला एक पोरगा झाला. अब्बांच्या छातीत कळ आली तेव्हा त्यांना कोल्हापूरला नेलं ते याच गाडीने, भर जुलैत. कुवेतहून धाकटा भाऊ दर फोनला सांगतो, "भाईजान, भंगारात टाका तिला." मी हो म्हणत नाही आणि भांडतही नाही.

फिल्टरचं शास्त्र मला आमच्या मिस्त्रींनी शिकवलं. ते पंपाला अजून 'माइको'च म्हणतात. कंपनीचं नाव 2008 मध्ये बॉश झालं, त्याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. त्यांची पहिली परीक्षा धुराची. भाराखाली काळा धूर सोडत गाडी ओढत नसेल तर आधी हवेचा फिल्टर बघा. धूर नाही आणि ओढही नाही, तर इंजिनाला डिझेल पोचत नाहीये. इतकं साधं निदान, पण त्यावाचून लोक नोझल आणि पंप उघडून बसतात.

आमच्या जीपला दोन पेल्यांचा फिल्टर आहे. टाकीकडून आलेलं डिझेल आधी कापडी फिल्टरमधून जातं, मग कागदी फिल्टरमधून, मग पंपात. कापड जाड घाण धरतं, कागद बारीक. हा क्रम चुकवायचा नाही. पंपातला दांड्या आणि त्याची नळी यांच्यात फट असते दोन-चार मायक्रॉनची. आपला केस साठ-सत्तर मायक्रॉन जाड. शिवाय त्या दांड्याला वेगळं ऑइल मिळत नाही, डिझेल हेच त्याचं वंगण. म्हणून कचऱ्याइतकंच पाणीही वाईट. काही शे रुपयांची फिल्टरची जोडी वाचवायची आणि पंपाला हजारो घालायचे, हा हिशोब मला कधी समजला नाही.

पाणी येतं कुठून? कोकणात हे विचारायलाच नको. अर्धी रिकामी टाकी, दमट हवा, रात्रीचा गारवा. आतल्या पत्र्याला घाम फुटतो आणि थेंब तळाला जातात. पाणी डिझेलपेक्षा जड. पावसाळ्यात मी टाकी होईल तितकी भरलेली ठेवतो. आठवड्यातून एकदा फजरची नमाज झाली की, गाडी चालू करायच्या आधी, पेल्याखालचा स्क्रू सैल करून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घेतो. रात्रभर सगळं निवांत बसलेलं असतं, त्यामुळे पाणी आधी बाहेर येतं आणि बाटलीच्या तळाशी वेगळं दिसतं. काळा बुळबुळीत गाळ आला तर टाकीतही तोच आहे असं समजावं. टाकी गंजलेली असेल तर नवा फिल्टरही महिन्यात भरतो. मग टाकी उतरवून धुण्यावाचून इलाज नाही.

बदलताना घाई करू नये. आधी पेले बाहेरून स्वच्छ पुसायचे, नाहीतर उघडताना वरची धूळच आत पडते. खाली ट्रे ठेवायचा, मधला बोल्ट सोडायचा. जुनी रबर रिंग खाचेत चिकटून राहते आणि तिच्यावरच नवी बसवली जाते. मग गाडी हवा ओढते आणि सकाळी स्टार्ट होत नाही. रिंग बोटाने चाचपून काढावी, नवी डिझेलमध्ये भिजवून बसवावी. पेला स्वच्छ डिझेलने धुवायचा. गॅरेजमधलं सुताचं वेस्ट आत फिरवायचं नाही, त्याचे तंतू मागे राहतात. अडचणीत कापडी फिल्टर धुऊन एखादी खेप मारता येते. कागदी फिल्टर मात्र हवेच्या दाबाने साफ करणाऱ्याच्या हातून काढून घ्या. कागद फाटतो, दिसत मात्र नाही.

मग हवा काढायची. फिल्टरवरचा ब्लीडिंग स्क्रू सैल करून हँडपंप मारत राहायचं. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग अखंड धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळायचा. त्यानंतर पंपावरच्या स्क्रूची पाळी. या कामात माझा अंगठा दुखून येतो, पण स्टार्टर मारून बॅटरी संपवण्यापेक्षा ते बरं.

किलोमीटरचा हिशोब मी ठेवत नाही. जुन्या टाकीला पुस्तकातला आकडा लागू पडतोच असं नाही. मिरगाच्या आधी नवी जोडी, पावसाळा सरला की पुन्हा एक. एक जास्तीची जोडी रिंगांसकट प्लास्टिकमध्ये बांधून सीटखाली असते, शेजारी पाना आणि टॉर्च. यंदा पुतण्याला शेजारी उभं करून दोन्ही पेले त्याच्याकडूनच उघडून घेतले. दुसरी रिंग त्याने न सांगता बोटाने चाचपली.