आपली टीम, त्यांची मर्जी

मुंबईत फुटबॉलचा क्लब हरून मरत नाही. मालकाचा जीव त्यातून उडाला की मरतो. हे ज्यांनी एकदा पाहिलंय, त्यांना अंधेरीच्या मैदानावर हल्ली बसवत नाही.

अंधेरी-बोरिवलीचे आम्ही फुटबॉलवेडे एके काळी चर्चगेटला उतरून कूपरेजला चालत जायचो. १८९१ पासूनचा रोव्हर्स कप तेव्हा चालू होता. कलकत्त्याचे मोठे क्लब यायचे आणि समोर आपले मफतलाल, ऑर्के, टाटा, महिंद्र असायचे. साऱ्या कंपन्यांच्या आणि गिरण्यांच्या टीम. खेळाडू कंपनीत नोकरीला, त्यामुळे एकाच टीममध्ये वर्षानुवर्षं टिकायचा. कोण कुठल्या पायाने मारतो हे शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही पाठ असायचं. आज आठवतात ती माणसं; कुठली मॅच कोण जिंकलं, हे विचाराल तर गोंधळ होईल.

पण ती दुनिया कंपनीच्या वहीतल्या एका खर्चावर उभी होती. महिंद्र युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली, फेडरेशन कपही घेतला. चारच वर्षांनी, २०१० मध्ये, कंपनीने टीमच बंद केली. तरी तोवर मुंबई एफसी आली होती, २००७ साली. तिच्याकडे ना पैसा होता ना दिमाख. प्रशिक्षक खालिद जमीलने ती बरीच वर्षं तगवून धरली. तो गेला आणि २०१६-१७ च्या आय-लीगमध्ये मुंबई एफसी तळाला. त्याच मोसमात याच जमीलने ऐजॉलला चॅम्पियन केलं. आता तो भारताच्या संघाचा प्रशिक्षक आहे, आणि मुंबई एफसी नावाचं काही उरलेलं नाही.

मग अंधेरी. इंडियन सुपर लीगमधल्या मुंबई सिटीची सुरुवात २०१४ ची, पण ती आपली वाटली २०१६ मध्ये, नेरूळहून शहाजीराजे क्रीडासंकुलात आली तेव्हा. बोरिवलीकर लोकलने, घाटकोपरवाले थेट मेट्रोने आझाद नगरला, मुलुंडकर घाटकोपरला गाडी बदलून. वेस्ट कोस्ट ब्रिगेड या समर्थकांच्या गटाचे ढोल स्टेशनपाशीच ऐकू यायचे. त्या नोव्हेंबरात दिएगो फोर्लानने केरळ ब्लास्टर्सविरुद्ध हॅटट्रिक केली, ५-०. वर्ल्ड कपमधला सर्वोत्तम खेळाडू ठरलेला माणूस आपल्या वीरा देसाई रोडजवळ खेळतोय, यावर दोन दिवस विश्वास बसत नव्हता!

पुढे २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीवाल्या सिटी फुटबॉल ग्रुपने ६५ टक्के हिस्सा घेतला. २०२०-२१ मध्ये लीग शील्ड आणि कप दोन्ही आले. कोविडमुळे सगळे सामने गोव्यात, आपण टीव्हीसमोर. बिपिन सिंगने फायनलच्या नव्वदाव्या मिनिटाला गोल केला तेव्हा आमच्या सोसायटीतला वॉचमन वर बघायला आला, काय झालं म्हणून. २०२२ मध्ये रियाधला इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवून एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब मुंबई सिटी ठरला. २०२२-२३ मध्ये तर ओळीने अठरा सामने अपराजित, वीस सामन्यांत ५४ गोल.

गाफीलपणा इथेच शिरला, आणि तो फक्त क्लबच्या ऑफिसात शिरला नाही. प्रशिक्षक डेस बकिंगहॅम पुढच्या मोसमाच्या मध्यात ऑक्सफर्डला गेला, तरी मे २०२४ मध्ये मोहन बागानला त्यांच्याच शहरात ३-१ हरवून कप आणला. मग काय, सगळं आपोआप होणार असं आपण धरून चाललो. त्याच उन्हाळ्यात अपुइया मोहन बागानकडे गेला. पेरेरा डियाझ, नोगेरा, राहुल भेके बंगळूरूला. स्टँडमधलं उत्तर ठरलेलं: "सोड रे, ग्रुपवाले दुसरा आणतील." मार्च २०२५ मध्ये प्लेऑफला त्याच बंगळूरूने ५-० धुतलं. नंतर दोन फायनलचा नायक बिपिनही ईस्ट बंगालला गेला. शेजारच्या खुर्चीवरच्या पोराला आता अकरा जणांची नावं सांगता येत नाहीत, आणि त्यात त्याची चूक नाही.

पूर्वी खेळाडू कंपनीचा कामगार होता आणि आता तो करारावरचा पाहुणा आहे, याबद्दल मी गळा काढणार नाही. पगार चांगला मिळतो, मिळायलाच हवा. राग आहे तो "काही होत नाही" या सुराचा. महिंद्र चॅम्पियन होती तेव्हाही कूपरेजला हाच सूर होता.

मग डिसेंबर २०२५ मध्ये लीग चालवण्याचाच करार संपलेला, मोसम कधी सुरू होणार याचा पत्ता नाही, अशात सिटी ग्रुप भागीदारीतून बाहेर पडला. मोसम झाला तो फेब्रुवारीपासून, आखूड. मूळ मालकांकडे क्लब परत आला. त्यांनी तो सोडला नाही, हे त्यांच्या खात्यावर जमा. पण कोण किती वर्षं राहणार, कुमार वयाच्या मुलांसाठी काय करणार, हे विचारणारे आपल्याशिवाय दुसरं कोणी नाही. तेव्हा पुढची घरची मॅच लागली की आझाद नगरला उतरा, तिकीट काढा, आणि घोषणा देताना एकदा मालकांच्या बॉक्सकडेही तोंड करा.