मामांची पायपेटी

नाताळच्या सुटीत कुठे जायचं, यावरून आमच्याकडे दरवर्षी एक तरी भांडण ठरलेलं. मुलांना पाणी हवं असतं, ह्यांना झोप हवी असते, आणि मला काहीही चालतं, फक्त तिथे सकाळी उठून डबे भरायचे नसले म्हणजे झालं. यंदा मात्र भांडायची वेळच आली नाही. मालवणहून ह्यांच्या मामींचा फोन आला, "गावची जत्रा आसा. मामांच्या पायात आता जोर नाय. येवचा तर ह्याच वर्सा येवा." मामा म्हणजे ह्यांचे सख्खे मामा. ऐन उमेदीची पंचवीस वर्षं त्यांनी दशावतारी कंपनीत पायपेटी वाजवली. मग काय, निघालो.

कोल्हापूरहून आम्ही राधानगरीवरून, फोंडा घाटाने उतरलो. (घाटात मुलांना मळमळत असेल तर आलेपाक जवळ ठेवा बरं का, गोळ्यांपेक्षा बरा.) धाकटे भाऊजी पुण्याहून मुद्दाम आले होते. ते ध्वनिमुद्रणाचं काम करतात, आणि त्यांना एक विलक्षण वेड आहे. परदेशातल्या जुन्या अवकाश-मालिकांचं संगीत पुढे मोठमोठ्या वाद्यवृंदांनी नव्याने वाजवून ध्वनिमुद्रित केलं, ते सगळं गोळा करायचं. अख्खा घाट त्यांनी आम्हाला 'स्टार ट्रेक' ऐकवलं. एकदा जुनं, एकदा नवं, पुन्हा जुनं. ह्यांनी डोळे मिटून घेतले. मला मात्र हळूहळू गंमत वाटायला लागली.

तुमच्यापैकी काहीजणींना ही मालिका आठवत असेल, ऐंशीच्या दशकात आपल्या दूरदर्शनवरही लागत असे. मुळात ती अमेरिकेत 1966 ते 1969 या काळात झाली, एकूण 79 भाग. सुरुवातीची ती प्रसिद्ध धून अलेक्झांडर करेज यांची, तिच्यात एका बाईचा उंच आवाज आहे, शब्द नसलेला. भाऊजी म्हणाले, "वहिनी, दूरचित्रवाणीला पैसे कमी. सिनेमासारखे शंभर वादक कुठून आणणार? मोजके वादक बसवायचे आणि त्यांच्यात सगळं ब्रह्मांड उभं करायचं." शिवाय दर आठवड्याला नवं संगीत परवडत नसे. मग एका भागासाठी वाजवलेले तुकडे दुसऱ्या भागांत जोडायचे. जेराल्ड फ्रीड यांनी 1967 मध्ये एका भागातल्या द्वंद्वासाठी संगीत केलं, ते इतकं जमलं की पुढे दुसऱ्याच कुणाच्या मारामाऱ्यांनाही तेच वाजू लागलं. उरलेल्या भाताचा फोडणीचा भात, दुसरं काय!

पुढे 1985 मध्ये लंडनच्या रॉयल फिलहार्मोनिक वाद्यवृंदाकडून या मालिकेचं निवडक संगीत नव्याने वाजवून घेतलं गेलं. एका तबकडीचं संचालन फ्रेड स्टायनर यांनी स्वतः केलं, मूळ मालिकेसाठी लिहिणाऱ्यांपैकीच ते एक. मूळ ध्वनिमुद्रणांचा भरगच्च संच, पंधरा तबकड्यांचा, लोकांच्या हाती आला तो थेट 2012 मध्ये. मधली कित्येक वर्षं या संगीताच्या वेड्यांची भूक बरीचशी अशा पुन्हा वाजवलेल्या तबकड्यांवरच भागली.

भाऊजींना नवं जास्त आवडतं. तंतुवाद्यं कशी समुद्रासारखी येतात, म्हणतात. मला विचाराल तर जुनं सरस. आता मला संगीतातलं काय कळतं? पण स्वयंपाकातलं कळतं. चार माणसांची आमटी चाळीस माणसांना करायची तर तिखट-मीठ नुसतं दहापट करून चालत नाही, चव कुठेतरी हरवतेच. जुन्यात ते थोडे वादक जिवाच्या आकांताने वाजवताहेत असं वाटतं. नव्यात सगळे नीट कपडे करून खुर्च्यांवर बसलेले दिसतात. मी हे बोलून दाखवलं, तेव्हा भाऊजी जरा रागावले आणि कणकवली येईपर्यंत गप्प बसले.

मालवणचं वर्णन तुम्ही पुष्कळ वाचलं असेल, म्हणून थोडक्यात सांगते. किल्ल्यावर सकाळीच जा, ऊन चढलं की दगड तापतात. कुरटे बेटावरच्या या सिंधुदुर्गाचा मुहूर्त 25 नोव्हेंबर 1664 चा. किनाऱ्यावर ज्या खडकाशी पूजा झाली तो मोरयाचा धोंडा आजही दाखवतात. पण मला सर्वांत नवल वाटलं ते दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींचं. चहूकडे खारा समुद्र आणि यांचं पाणी गोडं! आत शिवरायांचं देऊळ आहे, राजाराम महाराजांनी बांधलेलं. पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेव्हा त्या बेताने जा. परतताना बाजारातून खाजा घेतला. गुळाचा, आल्याच्या चवीचा, घरी येईपर्यंत अर्धा संपला. असो.

मामांचं घर गावापासून आत, माडांच्या बागेत. खळं शेणाने सारवलेलं, ओटीवर झोपाळा, आणि कोपऱ्यात जुन्या लुगड्याखाली झाकलेली पायपेटी. जिला ठाऊक नसेल तिच्यासाठी सांगते, ही संगीत नाटकातल्या ऑर्गनची बहीण. भाता पायांनी मारायचा, म्हणजे दोन्ही हात सुरांवर मोकळे. दशावतारात ही पायपेटी, एक पखवाज आणि झांज, एवढाच काय तो वाद्यवृंद. रंगमंचावर एक बाकडं. त्यावर राजा बसला की ते सिंहासन, आणि प्रसंग बदलला की त्याचंच आणखी काही. पडदे नाहीत, लिहिलेले संवाद नाहीत. आख्यान कोणतं ते ठरवतात आणि रात्रभर उत्स्फूर्त बोलतात. स्त्रियांची कामंही पुरुषच करतात.

भाऊजींचा खरा बेत इथे उघडा पडला. मामांच्या ऐन भरातल्या वाजवण्याची एकच कॅसेट होती, कुणीतरी जत्रेत भरून घेतलेली. मामींनी ती बिस्किटाच्या डब्यात, डांबराच्या गोळ्या घालून जपली होती. भाऊजींना ती नव्या यंत्रावर उतरवून घ्यायची होती. डबा उघडला तर फितीवर पांढरी बुरशी. भाऊजींनी ती यंत्राला लावलीच नाही. बुरशी यंत्रात जाते आणि फीत तुटते, म्हणाले. मामींचा चेहरा पाहवेना. कोकणातला पावसाळा काय असतो हे तुम्ही जाणताच, कपाटातल्या साड्यांना सोडत नाही तिथे फितीला काय सोडणार? तुमच्याकडे अशा कॅसेट असतील तर आजच काढून बघा. आवाज उतरवून घ्यायला अजून माणसं मिळतात.

"मग मामा, आपण नव्यानं वाजवू," भाऊजी म्हणाले, "चांगले माइक आणलेत मी."

मामा हसले. "समोर पात्रच नाय, तर थांबाचा खंय ता माका कसा कळतला?"

या एका वाक्याने भाऊजींचं सगळं वेड लटकं पडलं. लंडनच्या वादकांपुढे कागद होते, सुरान् सूर लिहिलेला. 2006 मध्ये 'स्टार ट्रेक'ची जुनी चित्रफीत स्वच्छ केली, तेव्हा ती सुरुवातीची धूनही नव्याने वाजवली आणि त्या जुन्या आवाजाच्या जागी नवी गायिका उभी केली. लिहिलेलं होतं म्हणून ते जमलं. मामांच्या संगीताचा कागद कुठे आहे? नट बोलता बोलता श्वास कुठे घेतो, तलवार कधी उपसतो, त्याच्या तोंडाकडे बघून हे वाजवतात. नट नाही तर संगीतही नाही.

त्या रात्री आम्ही जत्रेला गेलो. भात कापून झाला की हा हंगाम सुरू होतो, गावोगावच्या जत्रा लागतात आणि कंपन्या रोज नव्या देवळासमोर उभ्या राहतात. आम्ही बायका ताडपत्रीवर पुढे बसलो. आधी गणपती, मग रिद्धी-सिद्धी, भटजी, सरस्वती, आणि तो काळा संकासुर, ज्याला बघून माझी धाकटी माझ्या पदरात शिरली. मग आख्यान. आता 'ट्रिकसीन'ची नाटकं असतात, धूर, दिवे, राक्षस अदृश्य होतो. लहान मुलं खूश. आमच्या पुढ्यातल्या नाटकात पायपेटीच्या जोडीला विजेवरची पेटीही होती, युद्धाला ती अशी गरजली की माझ्या छातीत धडधडलं. मी मामांकडे पाहिलं. ते कडेच्या खुर्चीवर बसले होते. डोळे नटावर, आणि उजवा पाय जमिनीवर हळूहळू भाता मारत होता. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण मामा सकाळी म्हणाले, पोरगा बरा वाजवतो, फक्त थांबत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामी आणि मी खळ्यात कोकमं निवडत बसलो होतो. भाऊजी आमची करमणूक म्हणून डिलिया डर्बीशायर या बाईंची गोष्ट सांगू लागले. ती ऐकून मामींचे हात थांबले, म्हणून तुम्हालाही सांगते. या बाई इंग्लंडमधल्या कॉव्हेन्ट्री गावच्या, जन्म 1937 चा. केंब्रिजमध्ये गणित आणि संगीत शिकल्या. एका तबकड्यांच्या कंपनीत नोकरी मागायला गेल्या, तर आम्ही ध्वनिमुद्रणाच्या खोलीत बायका घेत नाही असं उत्तर मिळालं. पुढे बीबीसीत लागल्या. 1963 मध्ये 'डॉक्टर हू' ही मालिका सुरू झाली, तिची धून रॉन ग्रेनर यांनी कागदावर लिहिली आणि यांच्या हाती दिली. वाद्यवृंद नव्हताच. त्यांनी एक तार छेडून तिचा आवाज फितीवर घेतला, यंत्रातले सूर घेतले, आणि त्या फिती मोजून कापून, एकेक सुराचा तुकडा चिकटवून अख्खी धून तयार केली. गोधडीच शिवली म्हणा ना! ग्रेनरना ती ऐकून आपणच लिहिली आहे यावर विश्वास बसेना. मानधनातला वाटा त्यांना द्यायला ते तयार होते, पण संस्थेच्या नियमात बसलं नाही. श्रेयात ग्रेनर आणि विभागाचं नाव, बाईंचं नाही. त्या 2001 मध्ये वारल्या. नंतर त्यांच्या माळ्यावर 267 फिती सापडल्या, न्याहारीच्या पोह्यांच्या खोक्यांत भरलेल्या. 2005 पासूनच्या नव्या मालिकेत त्या धुनीवर मोठा वाद्यवृंद चढला, 2008 मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये 'डॉक्टर हू'च्या संगीताचा जलसा झाला. आणि पडद्यावर बाईंचं नाव आलं ते 2013 मध्ये, मालिकेच्या पन्नाशीला.

मामी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "खोक्यात ठेवलेला तरी रवला तिचा." कोकमाचं सूप बाजूला सारून त्या उठल्या, ओटीवर गेल्या आणि पेटीवरचं लुगडं काढलं. "तुमी वाजवा. मी होतंय पात्र."

आम्ही बघतच राहिलो. या बाईंनी पंचवीस वर्षं ताडपत्रीवर बसून प्रत्येक नाटक ऐकलेलं. कुठल्या प्रवेशाला कुठली चाल, रिद्धी-सिद्धी येताना काय, संकासुर येताना काय, राणी शोक करते तेव्हा पेटी कुठे गप्प होते, सगळं तोंडपाठ. त्या ओटीच्या मधोमध उभ्या राहिल्या, पदर खोचला आणि राजाचं भाषण सुरू केलं. पुरुषी आवाजात! मामांच्या गुडघ्यात जोर नव्हता, म्हणून माझी धाकटी पेटीखाली बसून दोन्ही हातांनी भाता दाबू लागली. तिचा ताल कधी चुके, मग सूर मध्येच खाली बसे, मामा "मार गो, मार" म्हणत. भाऊजींनी दारं-खिडक्या लावायला सांगितल्या, पण कावळे कुणाचं ऐकतात? स्वयंपाकघरात माझ्या कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, त्याही आत गेल्या. दोन तास हे चाललं. चहा गार झाला. ह्यांची झोप मोडली आणि ते झांज शोधायला लागले, ती सापडली नाही म्हणून दोन ताटल्या घेऊन बसले.

परत आल्यावर आठवड्याने भाऊजींनी ते ध्वनिमुद्रण आमच्या फोनवर पाठवलं. वर लिहिलं होतं, 'पायपेटी, मामा, मालवण.' मी लगेच फोन केला, तसं त्यांनी बदलून दिलं. आता त्यावर आधी मामींचं नाव आहे, मग मामांचं, आणि भाता मारणारी म्हणून आमच्या चिंगीचंही. मी पोळ्या लाटताना लावते. सातव्या मिनिटाला मामींचा आवाज येतो, "आता थांबा हां, राजा बोलता आसा," आणि पेटी थांबते. पुढे काही क्षण नुसते कावळे आणि समुद्र. भाऊजींनी ते कापलेलं नाही.