सेकंडहँड आणि एक टनाचं

बोनस जमा झाला की ऑफिसात आठवडाभर एकच विषय असतो. कुणाचं थायलंड, कुणाचा नवा फोन, कुणाचं फ्लॅटचं डाऊन पेमेंट. मला विचारलं तेव्हा मी खरं ते सांगितलं : मिलिंग मशीन, तेही सेकंडहँड. आमच्या टीममधल्या एकीने निरागसपणे विचारलं, ‘‘म्हणजे दळण काढणार?’’

दळण नाही हो! ड्रिल मशीन वरून खाली भोक पाडतं, बस्स. मिलिंगमध्ये कटर जागच्या जागी फिरतो आणि टेबलावर घट्ट पकडलेला जॉब त्याच्याखालून आडवा, उभा, वर-खाली सरकतो. सपाट बाजू, खाचा, काटकोन, सगळं त्यावर होतं. मला टेलिस्कोपची माउंट्स बनवायची आहेत. स्वतः आरसा घासून टेलिस्कोप बनवणारी मंडळी पुण्यात आहेत, ज्योतिर्विद्या परिसंस्था तर 1944 पासून आहे. पण कितीही सुंदर आरसा लुकलुकत्या स्टँडवर बसवला की शनी डान्स करतो. अॅल्युमिनियमच्या दोन जाड प्लेट्स हव्यात, अगदी काटकोनात. एका पीससाठी भोसरीत जॉबवर्कवाल्याकडे जा, तो चहा पाजेल आणि पुढच्या महिन्यात या म्हणेल. त्याचंही बरोबर आहे. सेटिंगला दोन तास आणि काम वीस मिनिटांचं!

दुसरं कारण घरातलं. बाबा टूलरूममधून रिटायर झालेत. डोळ्यांत इंजेक्शनं घेऊन झाली, पण व्हर्नियरच्या रेघा आता त्यांना दिसत नाहीत. त्यांची हत्यारांची पेटी तेल लावून, फडक्यात गुंडाळून माळ्यावर गेली, ती तीन वर्षं खाली आली नव्हती. मशीन बघायला जायचं म्हटल्यावर त्यांनी ती उतरवून घेतली. डायल गेज लागणार म्हणून, असं म्हणाले.

बजेट दीड लाख. जागा, प्राधिकरणातल्या घराचं रिकामं पार्किंग. त्यात बसेल असं मशीन म्हणजे टरेट टाइप, बाजारात ज्याला सर्रास एम-वन-टी-आर म्हणतात. मूळ कल्पना अमेरिकेतल्या ब्रिजपोर्टची, 1938 सालची. उभा खांब, पुढे सरकणारा हात, त्याच्या टोकाला हेड. वजन साधारण एक टन. माणसाच्या डोक्यावर जातं, त्यामुळे आधी स्लॅबची उंची मोजा.

पहिलं मशीन भोसरीतल्या एका डीलरकडे. ताजा हिरवा रंग, नुसतं चकाचक. शेठनी विचारलं, ‘‘मॅडम, मिस्टर नाही आले?’’ मग ते बाबांनाच सगळं सांगायला लागले. बाबा म्हणाले, ‘‘मशीन ती घेतेय,’’ आणि जाऊन स्टुलावर बसले.

मी आधी तेलाची निपल्स शोधली. रंगाखाली बुजली होती. म्हणजे रंग दिल्यापासून तिथे तेल गेलेलं नाही. मग टेबल एका टोकापर्यंत नेलं. चांगल्या मशीनच्या स्लाइडवर फिटरने हाताने स्क्रेपिंग केलेलं असतं, चंद्रकोरीसारख्या बारीक खुणा दिसतात. काम नेहमी टेबलाच्या मधोमध होतं, त्यामुळे झीजही मधेच होते. इथे टोकांना खुणा होत्या आणि मधला भाग आरशासारखा गुळगुळीत. हँडल फिरवलं तर मध्यावर पाव फेरा रिकामा जायचा, टोकाला मात्र टेबल अडकायचं. नट कितीही आवळा, असं मशीन सुधारत नाही. मधल्या ढिलाईसाठी आवळलं की टोकाला जाम होतं.

जुनं मशीन बघताना हा एवढा एकच फंडा आहे, बॉस. काय बदलता येतं आणि काय नाही? बेल्ट, बेअरिंग, नट, मोटर, सगळं बदलता येतं आणि त्यावर भावही करता येतो. बीडाच्या स्लाइड्स झिजल्या असतील तर त्या ग्राइंड करून पुन्हा स्क्रेप कराव्या लागतात. तो खर्च मशीनच्या किमतीशी स्पर्धा करतो. टेबलावर चुकून पडलेले ड्रिलचे खड्डे दिसायला वाईट, पण त्यांनी फारसं बिघडत नाही. लोक नेमके तेच बघून नाक मुरडतात आणि रंगाला भुलतात.

दुसरं मशीन चिंचवडच्या एका बंद होत आलेल्या गाळ्यात होतं. एचएमटीचं एफएन-टू. एचएमटी म्हटलं की आपल्याला घड्याळ आठवतं. पण कंपनी 1953 ची, सुरुवात मशीन टूल्सपासून आणि घड्याळं 1961 पासूनची. घड्याळांचा कारखाना बंद करायचा निर्णय 2016 मध्ये झाला, ही मशिनं मात्र अजून गाळ्यागाळ्यांत राबताना दिसतात. हँडल लोण्यासारखं फिरत होतं. मालक म्हणाले, मुलगा आयटीत आहे, कुणी घेतलं नाही तर भंगारात जाईल. भाव तर आमच्या बजेटच्याही आत. बाबा टेबलावर तळहात ठेवून बराच वेळ उभे राहिले. पण वजन दोन टनांहून जास्त, मोटर मोठी आणि आमच्या पार्किंगची फरशी पेव्हर ब्लॉकची. नाही म्हणायला मला सगळ्यात जड गेलं ते याच मशीनला. परतताना गाडीत कुणीच बोललं नाही.

तिसरं कुदळवाडीच्या बाजूला, चालू गाळ्यात. मालकाने नवं व्हीएमसी घेतलं होतं, त्याला जागा करायची होती. आम्ही गेलो तेव्हा मशीनवर जॉब चालू होता, ही सगळ्यात मोठी जमेची बाजू. रंग उडालेला, पण ऑइल पंपाचा दांडा ओढला की स्लाइडवर तेलाची रेघ उमटत होती. वीस मिनिटं टॉप स्पीडला पळवून हेडला हात लावला, कोमट. स्पिंडलच्या टेपरमध्ये बाबांनी बोट फिरवलं. डोळे मिटून. मग म्हणाले, ‘‘ओरखडा नाही.’’ आत डायल गेज लावलं तर काटा जेमतेम एक शतांश मिलिमीटर हलला. टेबलाला प्ले होता, जवळजवळ अर्धा मिलिमीटर, पण मध्यावर आणि दोन्ही टोकांना सारखाच. म्हणजे स्क्रू ठीक आहे, झिजलाय तो नट. अन् नट बदलता येतो!

नटाचे पैसे तोडून एक लाख तीस हजारांत सौदा ठरला. व्हाइस आणि कोलेटचा सेट द्यायला मालक आधी तयार नव्हता, शेवटी दिला. हे सोडू नका, वेगळं घ्यायला गेलं की खिसा रिकामा होतो.

घरी थ्री फेज नाही म्हणून ऑफिसात सगळ्यांनी मला वेड्यात काढलं होतं. त्याचाही उपाय आहे. मोटर दोन एचपीची, स्टारमध्ये जोडलेली. कनेक्शन डेल्टात बदललं की सिंगल फेजवर चालणारा व्हीएफडी तिला थ्री फेज देतो. वायरिंग मात्र इलेक्ट्रिशियनकडूनच करून घेतलं. वाहतुकीला हायड्रा आणि टेम्पो. उचलण्यापूर्वी टेबल पूर्ण खाली आणि हेड उलटं फिरवून खाली, नाहीतर वरच्या वजनाने मशीन कलंडतं. गेटपासून आत ते पाइपांवरून सरकवलं. पहार बाबांच्या हातात, आणि सोसायटीतले अर्धे लोक बाल्कनीत.

उरलेल्या पैशांतून मी एक गोष्ट आधी घेतली, डीआरओ. काचेच्या पट्ट्या टेबलाची जागा थेट मोजतात, स्क्रू-नटाची झीज मापात येत नाही. आणि आकडे चांगले इंचभर उंच, हिरवे. बाबा दोन फुटांवरून वाचतात. परवा पहिली प्लेट मारली, मी हँडलवर, ते आकडे बोलत होते.

नव्या नटासाठी गनमेटलचा तुकडा आणून ठेवलाय. त्याला आधी लेथ लागेल, असं ते काल जेवताना म्हणाले. मी ताटातून वर बघितलं नाही.